रुग्ण सापडल्यावर धूर मारून मेंदूज्वर थांबत नाही

डेंग्यूचा पेशंट सापडला की एकदोन दिवसात त्या गल्लीत धुराची मशीन फिरते, पोरं तिच्या मागं पळतात, घरातले लोक दारं-खिडक्या गच्च लावून घेतात म्हणजे आतल्या डासांना काहीच होत नाही, फोटो ग्रुपवर पडतो आणि सगळ्यांना वाटतं चला, काम झालं. डेंग्यूत निदान यामागं थोडं तरी लॉजिक आहे. पण जपानी मेंदूज्वर म्हणून जो आजार आहे, ज्यात डास चावून व्हायरस मेंदूपर्यंत जातो, त्याला ही पद्धत लागूच पडत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की आपल्या कोल्हापूर जिल्ह्यानं हा आजार अंगावर यायच्या आधी, म्हणजे आत्ताच, त्याच्यावर नजर ठेवायची सोय करावी. पहिला पेशंट सापडेपर्यंत थांबलो तर उशीर झालेला असणार, कारण या आजारात माणूस हे साखळीचं शेवटचं टोक असतंय.

शेवटचं टोक म्हणजे काय ते जरा सविस्तर सांगतो, सगळा मुद्दा तिथंच आहे.

डेंग्यूचा एडिस डास घरातल्या नाहीतर घराजवळच्या स्वच्छ पाण्यात वाढतो, बॅरल, कुंडीखालची बशी, टेरेसवरचा टायर. तो आजारी माणसाला चावतो, त्याच्या रक्तातला व्हायरस घेतो आणि काही दिवसांनी शेजारच्या माणसाला देतो. माणसाकडून माणसाकडं, मधे डास. म्हणून पेशंटच्या आजूबाजूची घरं तपासणं, बॅरल ओतून देणं, तिथले डास मारणं याला अर्थ आहे. जपानी मेंदूज्वराचा व्हायरस मुळात माणसाचा नाहीच. तो राहतो पाणथळ जागेतल्या पक्ष्यांमध्ये, बगळे, ढोकरी, रातबगळे असल्या पक्ष्यांच्या अंगात, आणि त्यांना त्याचा फारसा त्रास होत नाही. या पक्ष्यांना चावणारे डास क्युलेक्स जातीचे, त्यातही भारतात क्युलेक्स ट्रायटेनिओरिंकस आणि क्युलेक्स विष्णुई ही नावं जास्त येतात, आणि हे डास भाताच्या खाचरात, गवत असलेल्या डबक्यात, पाणथळ कडेला अंडी घालतात. चावते फक्त मादी, अंडी तयार व्हायला तिला रक्त लागतं. रक्ताबरोबर व्हायरस पोटात गेला म्हणून ती लगेच दुसऱ्याला देते असं नाही, आधी तो तिच्या आतड्याच्या पेशींत वाढतो, मग अंगभर पसरतो, शेवटी लाळेच्या ग्रंथीत पोचतो, याला हवामानाप्रमाणं एक ते दोन आठवडे जातात, उष्णता जास्त असली की कमी लागतात. एकदा लाळेत आला की ती मादी जिवंत असेपर्यंत जिथं जिथं चावेल तिथं व्हायरस सोडत जाते.

आता यात डुक्कर येतं. संसर्ग झालेली मादी डुकराला चावली की त्याच्या रक्तात हा व्हायरस दोनचार दिवस एवढा प्रचंड वाढतो की त्या दिवसांत त्याला चावणारे डास मोठ्या संख्येनं व्हायरस घेऊन जातात. डुक्कर वरून धडधाकट दिसतं, गाभण डुकरिणीचा गर्भ पडतो किंवा पिल्लं मेलेली जन्मतात एवढाच काय तो फरक, त्यामुळं कुणाच्या लक्षातही येत नाही. आणि डुकरांची पैदास भराभर होते, दरवर्षी नवीन पिल्लं, ज्यांना आधी संसर्ग झालेलाच नाही, म्हणजे व्हायरसला दर सीझनला नवं घर तयारच. तिथून तो डास माणसाला चावतो. माणसाच्या रक्तात मात्र हा व्हायरस फार कमी प्रमाणात आणि फार थोडा वेळ असतो, पुढच्या डासाला लागण व्हावी एवढा तो नसतोच. म्हणजे आजारी माणसापासून दुसऱ्या कुणालाच धोका नाही. ना घरच्यांना, ना शेजाऱ्यांना, ना हॉस्पिटलमधल्या नर्सला.

आता सांगा, पेशंटच्या घराभोवती धूर मारून आपण नेमकं काय थांबवलं? तो चावणारा डास कदाचित दोनतीन किलोमीटरवरच्या खाचरातला होता, चावून दोन आठवडे होत आलेत (डास चावल्यापासून ताप यायला ५ ते १५ दिवस लागतात), आणि हे डास घरात कोपऱ्यात बसून राहणारे नाहीत, संध्याकाळी अंधार पडताना बाहेरच चावतात, दिवसा गवतात, पिकात, झुडपात बसतात. धुरानं मरतात ते त्या क्षणी हवेत उडणारे डास, पाण्यातल्या अळ्यांना धूर लागत नाही आणि आठदहा दिवसांत नवीन पिढी उडायला लागते. मी धूर कधीच मारू नका असं म्हणत नाही, साथ पेटली तर तो एक उपाय आहेच. पण वर्षभराचा डासांचा खर्च डिझेल आणि धुरातच जाणार असेल तर ते पैसे मेंदूज्वराच्या बाबतीत वाया जातात असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरी गोष्ट लोकांना सहसा माहीत नसते आणि मला ती जास्त महत्त्वाची वाटते. गोवर, पोलिओ अशा आजारांत बहुतेक मुलांना लस दिली की ज्यांना दिली नाही तीही काही प्रमाणात वाचतात, कारण आजार पोरांतून पोरांत फिरायचा थांबतो. जपानी मेंदूज्वरात हे होत नाही. व्हायरस माणसांतून फिरतच नाही, तो पक्षी आणि डुकरांत फिरतोय, त्यामुळं शेजारच्या शंभर पोरांनी लस घेतली तरी तुमच्या पोराला त्याचा काही उपयोग नाही. ज्याचं त्याचं संरक्षण ज्याच्या त्याच्या दंडात. म्हणून एखाद्या भागात लस द्यायची ठरली तर ती शेवटच्या वाडीवरच्या, धनगरवाड्यावरच्या, ऊसतोडीला आलेल्या कुटुंबातल्या पोरापर्यंत गेली पाहिजे, ऐंशी टक्के झाले म्हणून समाधान मानायची इथं सोय नाही.

आजार किती वाईट आहे हेही बोललं पाहिजे. लागण झालेल्या बहुतेकांना काहीच होत नाही किंवा साधा ताप येऊन जातो, साधारण २५० जणांत एखाद्याला मेंदूज्वर होतो. ऐकायला कमी वाटतं. पण त्या एकाचं काय होतं बघा, जोराचा ताप, डोकेदुखी, उलट्या, मग पोरगं गुंगीत जातं, ओळखत नाही, फिट येते, बेशुद्ध पडतं. मेंदूज्वर झालेल्यांपैकी तिनातला एक जण दगावू शकतो. आणि जे वाचतात त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना कायमचं काहीतरी राहतं, हातपाय कडक होणं, वाचा जाणं, वारंवार फिट, बुद्धीची वाढ थांबणं. व्हायरस मारणारं औषध नाही, डॉक्टर ताप, फिट आणि मेंदूची सूज सांभाळतात, श्वासाला मदत करतात, बाकी शरीराच्या हातात. बहुतेक पेशंट लहान मुलं असतात. आपल्याकडं "ताप डोक्यात गेला" म्हणतात ते हेच, आणि अजूनही काही घरांत फिट आलेल्या पोराला कांदा नाहीतर चप्पल हुंगवतात, कुणी बाहेरचं काहीतरी लागलंय म्हणून देवऋष्याकडं नेतात. त्यात जो वेळ जातो तो परत मिळत नाही. तापात पोरगं गुंगीत दिसलं, बडबडायला लागलं, फिट आली तर थेट मोठ्या दवाखान्यात न्यायचं, मधे कुठंही थांबायचं नाही.

आता कोल्हापूर. मी असं म्हणत नाही की इथं साथ आलीय, कुणी तसा मेसेज फिरवू नये. मी म्हणतोय की या साखळीला जे जे लागतं ते सगळं आपल्याकडं आहे. आजरा, चंदगड, भुदरगड, राधानगरी, शाहूवाडी, पन्हाळा, गगनबावडा हा सगळा भाताचा पट्टा, जून-जुलैत चिखल करून रोप लावलं की दसऱ्यापर्यंत खाचरात पाणी. आजरा घनसाळ तांदळाचं आपल्याला कौतुक आहे आणि असावंच. त्याच खाचरात बगळे उतरतात. खाली शहराकडं आलं की पंचगंगेचा काठ, कळंबा तलाव, रंकाळा, राजाराम तलाव, कडेला गवत, अधूनमधून केंदाळ, पुन्हा पक्षी. शहराच्या कडेला आणि मोठ्या गावांत नाल्याच्या बाजूनं मोकाट डुकरं आहेत हे कुणी नाकारणार नाही. आणि वरून महापूर. २००५, २०१९, २०२१. पूर आला की सुरुवातीला अळ्या वाहून जातात हे खरं, पण पाणी ओसरताना शेतात, खणीत, रस्त्याकडेच्या चरीत जी डबकी मागं राहतात त्यांच्यात दोनतीन आठवड्यांत डासांचं पीक येतं, आणि तेव्हा लोक घर धुण्यात आणि पंचनाम्यात अडकलेले असतात.

पूर आणि मेंदूज्वराचा संबंध मी ओढूनताणून लावत नाही. २०२२ च्या सुरुवातीला ऑस्ट्रेलियात हेच झालं. भरपूर पाऊस, पूर, पाणपक्षी नव्या भागांत पसरले आणि देशाच्या दक्षिण-पूर्व भागात, जिथं हा आजार कधी नव्हता, तिथल्या वराहपालन फार्मवर डुकरिणींची पिल्लं मेलेली जन्माला यायला लागली. तिथूनच लक्षात आलं की जपानी मेंदूज्वर आलाय. चाळीसहून जास्त माणसं आजारी पडली, काही गेली. म्हणजे पैसा, लॅब, डॉक्टर सगळं असलेल्या देशातसुद्धा हा व्हायरस आधी डुकरांत दिसला, आणि तो ओळखला गेला कारण मेलेली पिल्लं कुणीतरी तपासायला पाठवली. आपल्याकडं गावात एखाद्याच्या डुकरिणीची पिल्लं मेली तर तो ती पुरून टाकेल, कुणाला कळवणार? आणि कळवलं तर त्याच्यावर ओरडायलाच लोक जमणार.

आपल्या देशातलं उदाहरण तर सगळ्यांना माहीत आहे. १९५५ साली तमिळनाडूत वेल्लोरच्या भागात पहिल्यांदा हा आजार भारतात ओळखला गेला, १९७३ साली बंगालमध्ये बांकुरा, बर्दवानला मोठी साथ आली, म्हणजे माहिती नव्हती असं नाही. तरी २००५ साली गोरखपूर आणि आजूबाजूच्या जिल्ह्यांत ५,७०० च्या वर रुग्ण आणि १,३०० च्या वर मृत्यू झाले, बहुतेक मुलंच, आणि त्यानंतर २००६ पासून सरकारनं लसीची मोहीम सुरू केली. आधी पोरं गेली, मग लस आली. हा क्रम मला मान्य नाही.

गोरखपूरची पुढची गोष्ट कमी लोकांना माहीत असेल. लस सुरू झाल्यावर जपानी मेंदूज्वराचे रुग्ण कमी झाले, पण मेंदूज्वरानं येणारी पोरं तरी येतच राहिली, आणि बरीच वर्षं त्यांना "अज्ञात मेंदूज्वर" एवढंच लेबल होतं. नंतर तपासण्या झाल्या तेव्हा कळलं की त्यातल्या मोठ्या हिश्श्याला स्क्रब टायफस होता, गवतातल्या बारीक कीटकाच्या चाव्यानं होणारा जीवाणूचा आजार, ज्याला डॉक्सिसायक्लिन किंवा अझिथ्रोमायसिन वेळेत दिलं तर पोरगं वाचतं. मेडिकलमध्ये मिळणारी स्वस्त गोळी. कारण शोधलं नाही म्हणून ती वेळेत मिळाली नाही. हे वाचल्यापासून मला मेंदूज्वराच्या पेशंटच्या फाईलवर नुसतं "व्हायरल" लिहिलेलं चालत नाही, कुठला व्हायरल ते शोधलंच पाहिजे.

आपल्या महाराष्ट्रात तर याबाबतीत मोठं नाव असलेली संस्था आहे. पुण्याची एनआयव्ही, म्हणजे व्हायरसवर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था, १९५२ साली सुरू झालेली. १९६५ साली नागपूरजवळच्या चांदीपुरा गावावरून ज्याचं नाव पडलं तो चांदीपुरा व्हायरस याच संस्थेनं शोधला. तोही मुलांच्या मेंदूवर जातो, एकदोन दिवसांत पोरगं हातचं जातं, पण तो पसरवते वाळूमाशी, जी मातीच्या भिंतींच्या भेगांत राहते, म्हणजे तिथं उपाय अजून वेगळा. २००३ मध्ये आंध्र आणि विदर्भात, २०२४ मध्ये गुजरातमध्ये त्याची साथ आली. जपानी मेंदूज्वर ओळखायचं टेस्ट किटसुद्धा ही पुण्याची संस्था बनवते आणि देशभर जातं. पाठीच्या कण्यातलं पाणी किंवा रक्त घेऊन त्यात या व्हायरसविरुद्धचे आयजीएम अँटिबॉडी, म्हणजे नुकती लागण झाल्यावर शरीर त्याच्याशी लढायला जे तयार करतं ते, आहेत का बघायचे, एवढीच ती टेस्ट. कोल्हापूरपासून पुणे चारपाच तासांवर आहे.

आणि इथं मला सगळ्यात जास्त त्रास होतो ती गोष्ट येते. आपल्या देशात जपानी मेंदूज्वराची लस सगळ्या मुलांना दिली जात नाही, ज्या जिल्ह्यांत आजार आहे असं ठरलंय तिथंच नियमित लसीकरणात ती असते, ९ महिने पूर्ण झाल्यावर पहिला डोस आणि दीड वर्षाच्या आसपास दुसरा, गोवर-रुबेलाच्या लसीबरोबर. विदर्भातले काही जिल्हे त्यात आधीपासून आहेत, २०२५ मध्ये पुणे, रायगड, परभणीत १ ते १५ वयाच्या मुलांसाठी मोहीम काढली. चांगली गोष्ट आहे. पण जिल्हा कसा ठरतो? रुग्ण सापडले तर. रुग्ण कधी सापडतात? टेस्ट केली तर. आणि जिथं "आपल्याकडं हा आजार नसतोच" असं डॉक्टरपासून अधिकाऱ्यापर्यंत सगळ्यांना वाटतं तिथं टेस्ट कोण करणार? तपासणी नाही म्हणून रुग्ण नाही, रुग्ण नाही म्हणून लस नाही, आणि लस नाही म्हणून आजार आला की थेट पोरांवर. या चक्रातून बाहेर पडायचा एकच रस्ता आहे, रुग्णाची वाट न बघता शोधायला जाणं.

कोल्हापूरवर ही जबाबदारी जास्त आहे, कारण आपलं सीपीआर हे मोठं सरकारी हॉस्पिटल आणि इथली मोठी खासगी हॉस्पिटलं फक्त आपल्या जिल्ह्यासाठी नाहीत, सिंधुदुर्ग, रत्नागिरी, बेळगाव, सांगलीकडून गंभीर पेशंट इथंच येतात. शेजारी दोडामार्ग भागात २०१६ साली माकडताप आला तेव्हा घाटाखालच्या लोकांनी काय सोसलं ते चंदगडच्या लोकांना आठवत असेल. तोही याच घराण्यातला व्हायरस, फक्त तो गोचिडीतून येतो. म्हणजे नवीन आजार घाट चढून येणार नाहीत असं मानायला काही आधार नाही. ताप अधिक झटके किंवा ताप अधिक शुद्ध हरपणं अशा प्रत्येक पेशंटचा नमुना, सरकारी असो की खासगी, जपानी मेंदूज्वर, स्क्रब टायफस, डेंग्यू, चांदीपुरा यांच्यासाठी गेलाच पाहिजे, आणि खासगीत आहे म्हणून त्याचा खर्च आईबापांवर पडता कामा नये. एवढं एक जरी झालं तरी निम्मी लढाई झाली.

पण माणसाच्या टेस्टनं आजार आल्यावर कळेल, यायच्या आधी कळायला डुकरं आणि डास बघायला लागतात. जपानमध्ये १९६० च्या दशकापासून उन्हाळ्यात कत्तलखान्यातल्या डुकरांचं रक्त तपासतात, कुठल्या भागात डुकरांत अँटिबॉडी वाढल्या ते बघून तिथल्या लोकांना सावध करतात. लस, वस्तीपासून लांब नेलेलं वराहपालन, बदललेली शेती या सगळ्यामुळं तिथं आता वर्षाला मोजकेच रुग्ण असतात, तरी डुकरांची तपासणी त्यांनी सोडलेली नाही. आपल्याकडं पशुसंवर्धन विभाग आहे, डॉक्टर आहेत, लाळ्या-खुरकूतच्या लसीसाठी ते गोठ्यागोठ्यात जातातच. वर्षातून दोन वेळा काही डुकरांचं रक्त घ्यायला अवघड काय आहे?

इथं दोन गोष्टी सांगितल्याच पाहिजेत, नाहीतर माझ्या लिहिण्याचा वेगळाच अर्थ निघेल. एक म्हणजे डुकरं पाळणाऱ्या माणसांवर राग काढू नका. ती बहुतेक गरीब कुटुंबं आहेत, त्यांचं पोट त्याच्यावर आहे, आणि हे डास सगळ्यात आधी त्यांच्याच पोरांना चावतात. डुकरं पकडून दुसऱ्या गावाच्या हद्दीत सोडून आल्यानं फक्त जागा बदलते. मारून टाकली तर थोड्या दिवसांत नवीन पिल्लं येतात ज्यांच्यात व्हायरस आणखी जोरात वाढतो. त्यापेक्षा वस्तीपासून लांब जागा द्या, पक्कं शेड, जाळी, पाणी द्या, आणि पिल्लं मेली तर कळवणाऱ्याला शिक्षा नाही तर मदत मिळेल अशी खात्री द्या. दुसरं, बगळे दिसले म्हणून झाडं तोडू नका, घरटी पाडू नका. पक्षी हजारो वर्षं इथं आहेत, ते हलवले तर दुसऱ्या झाडावर जातील आणि व्हायरसही त्यांच्याबरोबर जाईल.

म्हशींचाही विषय निघतो. काही जण म्हणतात आपल्याकडं डुकरांपेक्षा म्हशी कितीतरी जास्त, मग काळजी कशाला. हे डास खरोखर गाई-म्हशींना सगळ्यात जास्त चावतात आणि त्यांच्या अंगात हा व्हायरस वाढत नाही, एवढं बरोबर आहे. पण त्याच रक्तावर डासांची संख्याही वाढते, गोठा घराला लागून असतो, आणि ज्या गावात गोठा, खाचर आणि डुकरं तिन्ही जवळजवळ आहेत तिथं फक्त म्हशींच्या भरवशावर राहणं मला धोक्याचं वाटतं. उलट गोठा ही डास मोजायची चांगली जागा आहे. संध्याकाळी गोठ्याभोवतीचे डास पकडले, जात ओळखली, संख्या लिहिली तर कुठल्या गावात कधी वाढतात ते कळतं. शिवाजी विद्यापीठात प्राणीशास्त्र विभाग आहे, जिल्ह्यात विज्ञानाची एवढी कॉलेजं आहेत, तिथल्या पोरांना प्रोजेक्ट म्हणून हे काम द्या. दरवर्षी तेच ते फाईल प्रोजेक्ट करण्यापेक्षा आजऱ्याच्या आणि शाहूवाडीच्या दहा गावांतले डास वर्षभर मोजले तर जिल्ह्याला उपयोग होईल.

शेतीत काय करता येईल यावर मी जरा सावध बोलेन. खाचरातलं पाणी अधूनमधून सुकू दिलं तर अळ्या मरतात, पाणीही वाचतं, हे अनेक देशांत दिसलंय, पण गगनबावड्यात जुलैत कोण पाणी सुकवणार, तिथं आभाळच फाटलेलं असतं. ही पद्धत उन्हाळी भाताला किंवा पाऊस कमी झाल्यावर चालेल. युरियाचा मोठा डोस दिल्यावर खाचरात अळ्या वाढतात असंही तमिळनाडूत अभ्यासात दिसलंय, तेव्हा खत बेतानं टाकणं हे जमिनीसाठीही बरं आणि डासांसाठीही. खणी, डबकी, विहिरी यात गप्पी मासे सोडणं चालू आहेच, ते वाढवावं.

शहरातल्या नाल्याचे डास ही वेगळी जात आहे हे पण लक्षात घ्या. जयंती नाला, दुधाळी नाला किंवा कुठल्याही गटारीत जो डास वाढतो तो मुख्यतः क्युलेक्स क्विन्क्विफॅसिएटस, तो हत्तीरोग पसरवू शकतो, वेस्ट नाईलसारखा मेंदूवर जाणारा दुसरा व्हायरसही पसरवू शकतो, पण जपानी मेंदूज्वराचा मुख्य गडी भातातला. म्हणून गटार साफ केली, प्रश्न मिटला असं इथं होत नाही. हा आजार वाढतो शहर संपतं आणि शेत सुरू होतं त्या पट्ट्यात, आणि नेमकं तिथंच आपलं कामकाज दोन ऑफिसात विभागलेलं असतं. घर महापालिकेत, समोरचं शेत ग्रामपंचायतीत, डुकरं मधल्या ओढ्याला. हद्दवाढीवरून आपण किती वर्षं भांडतोय, ते भांडण ज्याला चालू ठेवायचं त्यानं ठेवावं, पण डासांचा सर्व्हे, डुकरांचं रक्त आणि पेशंटची नोंद या तीन गोष्टी महापालिका आणि जिल्हा परिषदेनं एकाच रजिस्टरमध्ये लिहाव्यात, यात कुणाची हद्द कमी होत नाही.

लोक विचारतील, रुग्णच नाहीत तर एवढा खर्च कशाला. मी म्हणतो खर्च आहेच किती? काही डुकरांचं रक्त, काही गावांतले डास, आणि मेंदूज्वराच्या पेशंटच्या टेस्ट. एका पोराला महिनाभर आयसीयूत ठेवायला आणि नंतर आयुष्यभर सांभाळायला एका घराचं जे जातं त्याच्यापुढं हे काहीच नाही. आणि ज्या घरात असं पोरगं आहे तिथली आई कामाला जाऊ शकत नाही, बहिणीची शाळा सुटते, हा हिशोब कुठल्याच बजेटमध्ये येत नाही.

लस खासगीत मिळते, भारत बायोटेकची जेनवॅक २०१३ साली आली, ती तर कोलारमध्ये, म्हणजे शेजारच्या कर्नाटकात सापडलेल्या व्हायरसपासून बनवलेली. ज्यांना परवडते त्यांनी मुलांच्या डॉक्टरांना जरूर विचारावं. पण हा आजार खाचरात राबणाऱ्यांच्या पोरांचा आहे, आणि त्यांना विकतची लस परवडत नाही. त्यांच्यापर्यंत ती सरकारकडूनच आली पाहिजे, आणि त्यासाठी जिल्ह्यानं पुरावा गोळा केला पाहिजे. तोपर्यंत संध्याकाळी पोरांना पूर्ण बाह्यांचे कपडे, मच्छरदाणी, खिडक्यांना जाळी, हे घरचे उपाय करायचेच.

२०१९ आणि २०२१ च्या महापुरात आपल्या तालमींच्या पोरांनी पाण्यात उतरून माणसं काढली, सरकारची वाट बघत बसली नाहीत. तीच मंडळं फुटबॉलचा सीझन एवढ्या शिस्तीत चालवतात. त्यांनी ठरवलं तर पूर ओसरल्यावर पहिल्या दोन आठवड्यांत आपल्या भागातली डबकी, खणी यांची यादी करून मोबाईलवर फोटोसकट देऊ शकतात, आणि आपल्या वॉर्डाच्या माणसाला विचारू शकतात की धुरावर किती खर्च झाला आणि अळ्यांवर किती. गावांत हेच ग्रामसभेत विचारता येतं. १ मेच्या ग्रामसभेत विषय घेतला तर पाऊस पडायच्या आधी डुकरांच्या रक्ताचे पहिले नमुने घेता येतील, दुसरे दसऱ्याच्या सुमाराला भात कापणीला येताना, आणि त्या दोन्हींचे आकडे शेजारी ठेवले की आपल्या जिल्ह्यात हा व्हायरस फिरतोय की नाही हे पहिल्यांदा कुणाच्या अंदाजावर सोडावं लागणार नाही.